एलिसेओची झाडं

अमेरिकेतल्या याकिमा गावाच्या पोस्टात रांग लांब होती. माझ्यापुढे चेरीच्या बागेचे म्हातारे मालक डेल्बर्ट उभे होते, आणि त्यांच्यापुढे पार्सल घेतलेली ओदिलिया. ती त्यांच्याच बागेत फळं तोडायची.

"ओदिलिया, आठवडा झाला, कामावर एक माणूस नाही."

"कसे येतील, मालक? इथं राहायचे कागद नाहीत म्हणून माझ्या नवऱ्याला पोलिसांनी तुमच्या फाटकातच धरलं. सगळ्यांनी पाहिलं."

"एलिसेओ कुठाय आता?"

"मेक्सिकोत, आईकडे. बावीस वर्षांनी गेला, तर म्हातारीनं ओळखलंच नाही म्हणे."

"पुढच्या हंगामाला आणू त्याला. मी वकील लावतो."

"मी विचारलं वकिलाला. दहा वर्षं येता येणार नाही."

"दहा? तोवर मी कुठला राहतोय!"

"असं बोलू नका. चेरी उतरली का थोडी तरी?"

"कुठली? झाडावरच सडली सगळी. ओदिलिया, ओढ्याकडची झाडं मी काढून टाकतोय. माणसंच नाहीत, तर ठेवून काय करू?"

"ती तर एलिसेओनं लावलेली."

"म्हणून सांगतो, त्याला कळवू नकोस."

"रोज फोनवर विचारतो हो झाडांचं. काय सांगू?"

"सांग, यंदा बहर चांगला आला होता."

"आला होताच की, मालक."