दोन पिशव्या फिकट माल्ट

साल आठवत नाही, आणि माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही. पण जर्मनीत एर्लांगेनला लेकीकडे होतो, विहीणबाईही आल्या होत्या, एवढं खरं. जावई घरी बियर करायचा. त्या शनिवारी त्याचा जर्मन साहेब बियर शिजवायला येणार होता.

"बाबा, तुम्ही केमिस्ट्रीचे डॉक्टर. रंग फिकट राहून फेस टिकला पाहिजे. यातलं कुठलं माल्ट घालू?" जावयाने विचारलं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. एक पिशवी इथली, दुसरी मित्राने अमेरिकेहून आणलेली. नावं वेगळी, रंग सारखाच. चुकलो तर सासरेपण आणि डॉक्टरेट दोन्ही बुडणार. मी दाणे चावले, पुस्तकं चाळली, झोप घालवली. शेवटी धीर करून म्हणालो, "इथलं घाला."

स्वयंपाकघरात पाहतो तर दोन्ही पिशव्या रिकाम्या.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, कच्चेच होते की! एकत्र करून खमंग भाजले, दळले. साहेबांना थालीपीठ लावतेय."

"आई, ते बियरचं होतं!" जावई ओरडला.

"मग बियरबरोबर खाऊ दे."

साहेबाने दोन थालीपिठं संपवली आणि विचारलं, "आल्झो, तर मग, माल्ट कुठलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"इथलं," मी चाचरत म्हणालो.

बऱ्याच वर्षांनी खात्री करून घेतली. दोन्ही पिशव्यांत एकाच कारखान्याचं एकच माल्ट होतं; अमेरिकेत ते दुसऱ्या नावाने विकत.