न दुखलेला हात

हॅलो?... हो, मीच, सिवार. माझा फोन दुसरं कोण उचलणार?... नाही, रडत नाहीये. घसाच तसा झालाय... आवळला म्हणून. सांगते ना... अगं दोर्साफ, आधी ऐक!

सकाळ बरी गेली. ज्युदोचं जॅकेट अंगात होतं तोवर मी राणी. ती बिझर्टहून नवीन आलेली पोरगी... हो, तीच, नाकावर पट्टीवाली. चांगली उचलून आपटली तिला. कोच मुन्सिफ भिंतीला टेकून मान डोलावत होते. म्हटलं, झालं, ट्युनिसच्या संघात आपलं नाव पक्कं.

दुपारी जॅकेटं उतरवली. आता खाली धरून शरण आणायचं... हो, तू तेव्हा मावशीकडे कुसकुस खायला पळालीस. का पळालीस ते आता कळलं.

थांब गं... तिचा हात माझ्या हाती आला. ताणला, पाय तिच्या छातीवर. माझी लाडकी पकड! जिच्यात तू 'आई गं, मेले' म्हणून किंचाळायचीस आणि हरले म्हणून मॅटवर हात आपटायचीस. ओढला. आणि ती... काही नाही. पडून राहिली. बस कधी येतेय बघावं तशी माझ्याकडे बघत... हसू नकोस!

आणखी ओढला. तिनं कोपर अलगद काढून घेतलं, बाळाच्या मुठीतून चमचा काढावा तसं. मग ती माझ्या पाठीवर. मग तिचा हात माझ्या गळ्याभोवती. पुढे हात कोणी आपटला ते विचारू नकोस... हो, मीच.

...तीच म्हणाली गं. पाणी पिताना, अगदी सभ्यपणे. ताई, तुमचे गुडघे ढिले राहतात, कोपर निसटतं. ही पकड लागते तरी का कोणाला? आणि कोच काय म्हणाले माहितेय? "लागते की. दोर्साफला लागते." सगळा हॉल हसला. फरशी पुसणाऱ्या बाईसुद्धा!... नाही. संघात तिचं नाव गेलं. माझं नाही.

दोर्साफ, एक सांग. माझ्या पकडीत तुझा हात कधी दुखला?... थोडासा?... एकदा तरी?

अगं, मग किंचाळत काय होतीस वर्षभर!... लवकर सुटलं की लवकर हरभऱ्याची गरम लब्लाबी खायला... गप्प. विनोद नकोय मला. खरं बोल.

...काय?... मी हरले की तोंड पाडून घरी बसायचे, म्हणून?... मग तुला जोडीला कोण, म्हणून?... वा! म्हणजे मला हरभरा घालून पोसत होतीस, खुराड्यातल्या कोंबडीसारखं!

आणि हरेल तिनं लब्लाबी खिलवायची, हा आपला रिवाज. तो तरी खरा होता की तोही दानधर्म? मी मेली जिंकल्याच्या ऐटीत वाडगे चाटत होते, वर आणखी तिखट हरीसा वाढ म्हणून हुकूम सोडत होते...

नाही, नाही, तू ऐक. हात आपटला की सोडायचं, हा एकच कायदा आहे आपल्यात. त्याच्याच भरवशावर मी माझी मान दुसरीच्या हातात देते. आणि तू त्यातच खोटं घातलंस?... 'सिवार, गुडघे आवळ.' एवढंच म्हणायचं होतं गं! वाईट वाटलं असतं... वाटलं असतं! पण मग आज तिचं कोपर निसटलं नसतं...

...माफी? इतक्यात? अगं, मी अजून नीट भांडलेही नाही! उलट बोल ना. म्हण, सिवार, तू रडकी आहेस, तुला हरणं पचत नाही. म्हण!... बोल की!... पुन्हा माफी?

बघ, दोर्साफ... मी अजून ओढलंसुद्धा नाही, आणि तू हात आपटून मोकळी.

...ठेवते.