कापायचं तर वरून

पासपोर्ट फोटोसाठी बुऱ्हाणपूरच्या एका व्हिडिओ स्टुडिओत थांबलो होतो. कॉम्प्युटरसमोर स्टुडिओवाल्याशेजारी देडतलाईचं एक जोडपं बसलं होतं. मुलीच्या लग्नात मोठ्या पडद्यावर दाखवायला त्यांनी स्वतःच्या लग्नाची कॅसेट आणली होती.

"काकी, जुनं चित्र चौकोनी आहे, पडदा चौडा. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतील."

"पोरीच्या लग्नात काळं नको, भाऊ."

"मग ओढून रुंद करतो. देखा."

"अगं माय! हे एवढे जाडे कधी होते?"

"मग कापावंच लागेल. खालून कापतो. खाली तर फक्त परात आहे."

"परातीपाशी वाकलंय कोण, ते पहा आधी."

"कोणी तरी काकांचे पाय धुतंय."

"ते माहे आबा. त्यांचा दुसरा फोटोच नाही आमच्याजवळ. वरून काप."

"वरून कापलं तर काकांचं डोकं जाईल, फेट्यासकट."

"जाऊ दे!"

"अगं मालू, लोक विचारतील ना, नवरदेव कुठं गेला?"

"मी सांगीन, हे काय बाजूला बसलेत."

"काका, काय करू?"

"काप वरून. हिच्यापुढं कोणाचं चाललंय?"

"हे घ्या. झालं."

"अहो! पडदाभर आबाच! पहा, पहा, मान वर करून हसले!"

"हसले खरं. तेव्हा माहं लक्षच नव्हतं."

"आता सगळा मांडव पाहील माह्या आबांना!"

"भाऊ, परवा शूटिंगला तूच येणार ना?"

"हो काका."

"मग कॅमेरा जरा खाली धरजो. या टायमाला परातीपाशी मी राहीन."