पाटलांचं घड्याळ आणि मगदूमांचं बाकडं

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. घरात आवाज वाढवायचा, तो कुणासाठी? सावकाश उत्तर द्या. मांडवाला चार कर्णे आम्हीही लावलेत, तेव्हा मलाही तुमच्यातच धरा.

तर ऐका. इचलकरंजीचे अण्णासाहेब मगदूम. खाली माग, वर माडीवर संसार. चाळीस वर्षं घराची तक्तपोशी, म्हणजे माडीची लाकडी जमीन, धडधडत होती. मग मुलाने माग उचलून गावाबाहेर नेले आणि अण्णा रिकामे झाले. रिकामा माणूस काय करतो? अण्णांनी पुढच्या खोलीत होम थिएटर केलं. भिंतभर पडदा, कोपऱ्यांत स्पीकर, मधोमध खुर्ची. एक. सिंहासनच म्हणा ना.

आणि त्यांच्या पत्नी शालिनीबाई? त्या स्वयंपाकघरात. तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले ते पारच गेले. तेव्हापासून पुढच्या खोलीत येणं बंद. दोघांत एक पाटी असायची. अण्णा खडूने लिहीत — ‘चहा’. दुपारी — ‘जेवण’. हसू नका. तीन वर्षांत त्या पाटीने तिसरा शब्द पाहिला नाही!

आता अण्णांना हवा सबवूफर. म्हणजे खालचा, घुमणारा आवाज तेवढा काढणारं खोकं. पडद्यावर ढग वाजला की छातीत वाजला पाहिजे. बाजारातला नको, कारण बाजारातला शेजारच्या पाटलांकडे होता. म्हणून मिरजेहून नूरुद्दीन मिस्त्रींना बोलावलं. तीन पिढ्या तंबोरे घडवणारं घर.

अण्णा म्हणाले, “मिस्त्री, असा करा की पाटलाच्या भिंतीवरचं घड्याळ खाली आलं पाहिजे.”

“येईल की. बसणार कोण कोण?”

“मी.”

“आणि वैनी?”

“तिला ऐकू येत नाही हो. तिला काय करायचंय?”

मिस्त्रींनी सागवानाची एक फळी जमिनीवर टेकवली आणि मूठ मारली. एकदा. दोनदा. अन् आत, मंडळी, शालिनीबाईंचं लाटणं थांबलं. त्यांनी आधी आपल्या पावलांकडे पाहिलं, मग दाराकडे. चाळीस वर्षं मागांची धडधड तळव्यांना सवयीची झालेली बाई ती! अण्णा भिंत मोजण्यात दंग होते, त्यांनी काही पाहिलं नाही. मिस्त्रींनी पाहिलं. आणि माप बदललं.

महिन्याने टेम्पो आला. त्यातून उतरलं काय? बाकडं. बुटकं, रुंद, दोघं बसतील असं.

“अहो, मी आवाज सांगितला होता, तुम्ही बसायला आणलंत.”

“आवाज त्याच्या पोटात आहे, अण्णा. अट एकच. दोघं बसल्याबिगर लावायचा नाही. एकाच्या वजनाला हे लाकूड बोलत नाही.”

आता हे खरं की खोटं, मला विचारू नका. मी सुतारकाम शिकलेलो नाही.

अण्णांनी बायकोला हाताला धरून आणलं. तीन वर्षांनी! ती अंग चोरून टेकली. मिस्त्रींनी भजनातला पखवाज लावला. शालिनीबाईंचे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, हे अण्णांनी सहज बोलता बोलता सांगितलं होतं. मिस्त्रींच्या ते ध्यानात होतं.

पहिली थाप पडली. बाई दचकल्या. तळहात लाकडावर ठेवला. डोळे मिटले. मग एक बोट हललं — मग दुसरं — आणि मांडीवर ठेका सुरू झाला. सम आली की हात बरोबर समेवर. अण्णा पडद्याकडे बघायचे विसरले, तिच्याकडेच बघत राहिले.

बाई म्हणाल्या, “हात चांगला आहे. पण पळतोय. आमचे आबा असे पळायचे नाहीत.”

मंडळी, तीस वर्षं मी चमत्कार सांगतोय. बघितलेला मात्र एकही सांगितला नव्हता. त्या दिवशी जेवायला मी मगदूमांकडे होतो. पानावरचा घास हातातच राहिला.

अण्णांनी पाटी घेतली. ‘जेवण’ सदऱ्याच्या बाहीने पुसलं. खडू दोनदा मोडला. मग लिहिलं — ‘तुला कुठलं लावू?’

पाटलांचं घड्याळ अजून भिंतीवरच आहे, बिनचूक चालतं.

आता तुम्ही घरी जाल, टीव्ही लावाल. आवाज वाढवण्याआधी खोलीतल्या खुर्च्या मोजा. मग घरातली माणसं मोजा. ज्याच्या वाट्याला खुर्ची आली नसेल, त्याचं नाव घेऊन हाक मारा. आजच्यापुरतं तेवढंच नामस्मरण पुरे.