तीर्थपुरीच्या उतारावर मोटार थांबल्याबाबत पुंजाराम लोहाराचा जबाब

नाव पुंजाराम वल्द कडूबा, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा लोहारकाम, राहणार तीर्थपुरी, तालुका अंबड. फसली सन १३५३.

ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे:

मुबारक वल्द अजमत यांची जुनी मोटार भाड्यानं जालन्याला जाते. तिचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. उतारावर मोटार थांबेपर्यंत मुबारकभाई मोठ्यानं दुआ म्हणत, बसलेले लोक आपापल्या देवाला हाका मारत. विलायतेतल्या लढाईमुळे मोटारीचे नवे भाग मिळत नव्हते. म्हणून पुढच्या चाकांनाही ब्रेक करायचं आम्ही दोघांनी ठरवलं.

ब्रेकचे ड्रम भंगारातल्या लॉरीचे घेतले. आतून दाबणाऱ्या कमानी मी बैलगाडीच्या चाकावरल्या धावेचं लोखंड तापवून, वाकवून केल्या. त्यांवर कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे बसवले. ते ठोकायच्या रिबिटांना तांबं पाहिजे होतं. माझी बायको साळूबाई हिनं फुटकी घागर दिली व म्हणाली, "घ्या, पण पहिल्यांदा मलाच बसवायचं." ब्रेक झाल्यावर तिला मोटारीतून गावाभोवती फिरवलं. ती खाली उतरेना.

वैशाखात आमच्या गावचे पाटील काकासाहेब यांच्या पुतण्याचं लग्न झालं. नवरा-नवरीला व काकासाहेबांना मोटारीतून घेऊन येताना मी मुबारकभाईजवळ बसलो होतो. नाल्याच्या उतारावर सगुणाबाईच्या शेळ्या आडव्या आल्या. सगुणाबाई मधोमध उभी. मुबारकभाईनं ब्रेक दाबला. मोटार जागीच थांबली. पुढची शेळी मोटारीचा दिवा हुंगून राह्यली होती. मागून काकासाहेब लाडवांच्या टोपल्यासकट आमच्या अंगावर आले. कोणास लागलं न्हाई. आधी नवरी हसली, मंग सगुणाबाई, मंग सगळेच. मुबारकभाई स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काकासाहेबांनी मात्र, लोहारानं मोटार बिघडवली, आता ती जप्त करा, अशी फिर्याद दिली. आज सकाळी ठाण्याच्या अमीनसाहेबांनी त्यांना शेजारी बसवून त्याच उतारावर मोटार तपासली. मीही मागं होतो. ब्रेक बराबर लागले. काकासाहेब म्हणाले, "चुकून थांबली असंल. परत बघू." परत थांबली. "अजून एकडाव." असं अमीनसाहेबांची टोपी नाल्यात पडेपर्यंत चाललं.

त्यानंतर काकासाहेबांनी फिर्याद मागं घेतली. त्यांना आष्टीला लेकीकडं जायचं आहे. त्यांची बैलगाडी बाहेर उभी आहे. तरी ते मुबारकभाईच्या मोटारीत बसून भोंगा वाजवून राह्यलेत व ओरडून राह्यलेत, "पुंजाराम, जल्दी आटप! उताराच्याच रस्त्यानं जाऊ!" सांगायचं अजून आहे, पण थांबतो.

उर्दूत लिहिलेलं मला मराठीत समजावून वाचून दाखवलं. भोंग्यामुळे दोनदा वाचावं लागलं. बिलकुल मी बोललो तेच आहे.

निशाणी डावा अंगठा, पुंजाराम.