हॅमची ढेप

डिसोझासाहेबांच्या हॅमचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. साहेब बदली होऊन नुकतेच इंदापूरला आमच्या ऑफिसात आलेले, आणि नाताळला सासूबाई गोव्याहून पहिल्यांदाच येणार होत्या. जावयानं पुण्याहून डुकराची अख्खी तंगडी आणली, खारवून शिजवलेली. तिच्यावर गोड, चकचकीत थर द्यायचा, अशी त्यांच्यात पद्धत. मी म्हटलं, "आमच्या अंथुर्ण्यात गुऱ्हाळ चालू आहे. ताजी काकवी घालू."

तंगडी बघून गूळ करणाऱ्या तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डुक्कर माज्या कढईत बुडवायचं न्हाय. बादलीत ठिवा, वरनं वततो."

तंगडी बादलीत ठेवून आम्ही सासूबाईंना आणायला स्टँडवर गेलो. एसटी तीन तास उशिरा आली. त्यांना घेऊन परत येतो, तर फडक्यावर बादलीच्या आकाराची, वीस किलोची गुळाची ढेप.

साहेबांनी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. "तात्या, हॅम कुठंय?"

"आत हाय."

"अहो, वरून फक्त थर द्यायचा होता."

"मग थरच हाय की. किती जाड, ते तुमी कुठं बोलला?"

नाताळच्या दुपारी ढेप कुऱ्हाडीनं फोडली. सासूबाई नुसत्या खात होत्या. साहेब ताटातला गूळ सुरीनं खरवडत बसले.

पुढच्या नाताळला सासूबाई दोन तंगड्या घेऊन आल्या, ते थेट गुऱ्हाळावरच. तात्यांना म्हणाल्या, "मोठी बादली काढा."