वत्सला नाव कुणाचं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे विश्वस्त, माझ्या वॉर्डातल्या नर्स, आयाबाई आणि चहाकडे डोळे लावून बसलेले बंधुभगिनीहो,

निरोपसमारंभ माझा, पण साहेबांनी आपलं निम्मं भाषण 'वत्सला' या नावावर केलं. वत्स म्हणजे वासरू, लेकरू. लेकरावर जीव टाकते ती वत्सला. छान सांगितलंत. बाकी सगळीकडे हे नाव आजीबाईंपुरतं उरलंय, आपल्या भागातल्या शाळेत मात्र एका हाकेला तीन-तीन पोरी उठतात. का, तर म्हणे ते साहेबांच्या मातोश्रींचं नाव. लोकांनी कृतज्ञतेनं ठेवलं. म्हणून नव्या प्रसूतिकक्षालाही तेच.

मातोश्रींबद्दल मी वावगं बोलणार नाही. त्या इथं एकदाच आल्या. फिनाईलचा वास सोसेना, नाकाला रुमाल लावून जिन्यावरूनच परत फिरल्या. कळा सोसणारी बाई भिंतीवरच्या फोटोखालची नावं वाचत बसते, असं वाटतं का तुम्हाला?

आता खरं ऐका साहेब, सवय नसली तरी. मुलाचं नाव लोक आधीच ठरवून येतात. मुलगी झाली की सगळ्यांची तोंडं उतरतात. एका शिंप्याच्या बायकोला तिसरी मुलगी झाली. नवरा दारातूनच "परत तेच?" म्हणाला आणि चालता झाला. सासू म्हणाली, "ठेवा काहीतरी." घरी जाताना ती बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. मला म्हणाली, "बाई, माझा हात धरून तुम्ही बसलात. तुमचं नाव काय हो?"

मी सांगितलं, वत्सला.

शेजारच्या खाटेवरचीनं ऐकलं, तिनंही तेच ठेवलं. मग रीतच पडली. ज्या मुलीला नाव द्यायला घरात कुणाला सवड नाही, तिची आई माझं नाव विचारायची. ती शिंप्याची पोर आज इथंच नर्स आहे. वत्सला, उभी राहा गं. बघा, तिघी उठल्या.

साहेबांना हे ठाऊक नाही, यात नवल ते काय? इतकी वर्षं एका टेबलाशी काम केलं, पण मी आपली 'मेट्रन'. कात्री द्या मेट्रन, हात धुवायला पाणी मेट्रन. बरं, आज तरी? या मानपत्राला मखमल आहे, सोनेरी चौकट आहे आणि आत लिहिलंय, 'आदरणीय मेट्रनबाई यांस'. लाज वाटायला हवी होती, पण ती कुणाला वाटलेली दिसत नाही.

पाटीवरचा पडदा खुशाल उघडा. खाली मातोश्रींचा फोटो लावा, माझी ना नाही. त्या पोरींच्या आयांना ठाऊक आहे, तेवढं पुरे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला टोचलं असेल तर माफ करा, हे मी सुई टोचल्यावरही म्हणत आलेय. आणि साहेब, ते मानपत्र पुढं करू नका. माझं नाव घालून आणा, मग घेईन.